दुर्बिणीची संकष्टी

ह्यांच्या डोळ्यासाठी मी संकष्टी धरली, तेव्हा ह्यांच्या दुर्बिणीनेही धरली. देवापुढे पाणी सोडताना मी म्हटलं होतं, ज्या डोळ्याने हे काम करतात तो नीट राहू दे. आता ह्यांचं सगळं काम दुर्बिणीतूनच चालतं, त्यामुळे तीही व्रतात आली. तेव्हापासून संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय ती दुसरं काही बघत नाही.

साखर कारखान्याचे रोलर एका रेषेत आहेत की नाहीत, ते हे त्या दुर्बिणीतून बघतात. गाळप सुरू व्हायच्या आधी दरवर्षी तिचं कॅलिब्रेशन करून दाखला घ्यावा लागतो. यंदा तपासनीस मगदूम साहेब आले ते नेमके संकष्टीला. दुसऱ्या दिवशी दाखला पोचला नाही, तर कारखाना दुसऱ्याला बोलावणार होता, आणि ह्यांचा हंगाम रिकामा जाणार होता.

मगदूम साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला. झाकण निघालंय का ते बघितलं. मग शांतपणे विचारलं, "निर्जळी, की फराळ चालतो?"

"थोडा उजेड घेते," हे म्हणाले. "रेषा मात्र धरत नाही."

साहेब जैन. उपासतापास त्यांना नवे नाहीत. उपाशी यंत्राची परीक्षा घेऊ नये, असं म्हणून ते थांबले. त्यांना सूर्यास्ताच्या आत जेवायचं होतं, म्हणून मी बटाटा न घालता खिचडी केली. खाताना म्हणाले, "वहिनी, निदान मोजायच्या टेपला तरी कुठला वसा देऊ नका."

संध्याकाळी ह्यांनी दुर्बीण अंगणात मांडली. पंचांग बघून चंद्र जिथे उगवायला हवा, तिथे रोखली आणि पक्की केली. चंद्र वर आला. हे वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"काचेवरच्या फुलीवर नाही," म्हणाले. "केसभर डावीकडे आहे."

मी अर्घ्याची पळी खाली ठेवली. केसभर चूक म्हणजे दाखला नाही. दुर्बिणीचा उपास सुटला होता, तेव्हा आता तपासायला हरकत नव्हती. त्यांनी पेटीतून आपली प्रमाण नळी काढली, आतला दिवा लावला आणि दुर्बिणीसमोर धरली. एकदा बघितलं. दुर्बीण उलटी फिरवून पुन्हा बघितलं. मी मनातल्या मनात गणपतीला हाक मारत होते.

"दुर्बिणीत चूक नाही," साहेब म्हणाले.

"मग केसभर कशाचं?"

"चंद्राचं."

ह्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "साहेब, तो सरळ करता येईल का?"

"आमच्याकडे फक्त उपकरणं येतात," असं म्हणून साहेबांनी तिथेच दाखल्यावर सही केली. आम्ही मोदक खाल्ले, सूर्य मावळलेला म्हणून साहेब नुसते बसून राहिले. ह्यांचा हंगाम नीट सुरू झाला.

चंद्राचं अजून कोणी बघितलेलं नाही. बघतील कोणीतरी. तोवर मी अर्घ्य देताना हात किंचित डावीकडे धरते, म्हणजे त्याला बरोबर पोचतं. बायांनो, तुम्हीही तसाच धरा.