पहिल्या दिवशी पाणी ओतू नये

चिनी नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी बूनलाय न्हाणीघराच्या दारात उभे राहिले, तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडेतिकडे बादल्या आणि सगळ्या काठोकाठ. आदल्या दिवशी त्यांच्या बायकोने, ग्योकलानने, घरातले पडदे, चादरी, अभ्रे सगळं धुऊन काढलं होतं, आणि शेवटच्या विसळण्याचं पाणी यांनी साठवून ठेवलं होतं. सिंगापूरच्या पाणी खात्यात जन्म घालवलेला माणूस. जिथे पाणी शेजारच्या देशाकडून विकत घ्यायचं आणि आपलंच सांडपाणी गाळून पुन्हा प्यायचं, तिथे बादलीभर पाणी फेकणं त्यांच्या जिवावर यायचं.

"काल घसा फोडून सांगत होते, ओतून टाका," ग्योकलान म्हणाली. "आता बसा."

"संडासात ओततो ना एकेक."

"आज? पाणी म्हणजे पैसा. वर्षाची बरकत पहिल्याच दिवशी संडासात घालवताय?"

आज पाणी ओतायचं नाही, केर काढायचा नाही, फरशी पुसायची नाही. सणाच्या या नियमांपुढे बूनलायचं काही चालत नसे. त्यात थोड्याच वेळात क्वेकबाई येणार होत्या. मुलीचं, शूयीचं, लग्न त्यांच्या मुलाशी व्हायचं की नाही, हे त्यांच्याच तोंडून यायचं होतं, आणि आतापर्यंत त्या नुसतं 'बघू' म्हणत आल्या होत्या.

"बाबा, त्यांना न्हाणीघरात जावं लागलं तर?" शूयी रडकुंडीला आली. "माझं लग्न मोडेल हो."

मग बादल्या झोपायच्या खोलीत निघाल्या. अर्ध्या वाटेत हिंदकळल्या. फरशी पुसायची सोय नाही, म्हणून वर्तमानपत्रं अंथरली. ग्योकलानने सजावटीतून उरलेलं लाल कापड बादल्यांवर ओढून दिलं. बूनलायची कंबर धरली ती धरलीच.

क्वेकबाई आल्या. शकुनाच्या संत्र्यांची देवाणघेवाण झाली, अननसाच्या वड्या झाल्या, 'बघू'सुद्धा झालं. मग त्या हात धुवायला उठल्या आणि नेमकं भलतंच दार उघडलं. सगळे धावले, तोवर त्यांनी कापड उचललं होतं.

"हे काय?"

"पाणी," बूनलाय म्हणाले. थकलेल्या माणसाला खोटंही सुचत नाही.

क्वेकबाई वाकून एकेक बादली बघू लागल्या.

"काठोकाठ. वर लाल कापड." त्यांनी कापड नीट परत घातलं. "माझी आजी अशीच भरलेली भांडी ठेवायची, घर भरलेलं राहावं म्हणून. आता कोण पाळतंय एवढं? ठरलं. लग्न याच वर्षी."

शूयीने भिंतीला पाठ टेकली. ग्योकलानने डोळे पुसले. तेवढं पुसलेलं चालतं.

"सरकारी फ्लॅट मिळायला चार वर्षं तरी लागतील," क्वेकबाई पुढे म्हणाल्या. "तोवर दोघं माझ्याकडे राहतील म्हणत होते मी. पण असं भरलेलं घर सोडून कशाला? माझा पोरगा इथेच राहील."

"आनंदच आहे," ग्योकलान म्हणाली.

"गुणी आहे हो. एकच खोड." क्वेकबाई कौतुकाने हसल्या. "आंघोळीला शिरला की तासभर बाहेर येत नाही. शॉवर आपला चालूच."

बूनलाय भिजक्या वर्तमानपत्रावर हळूच खाली बसले.