टेबलावरचं निळं खोकं

डॉ. नृसिंह पाटगावकर गेली बावीस वर्षं रक्तदाबाला एकच पांढरी गोळी लिहीत आले होते आणि कळंबा रस्त्यावरचे पेशंट ती गुमान घेत होते. औषध कंपनीचा माणूस नव्या गोळीचं निळं खोकं ठेवून गेला, तेव्हा डॉक्टरांनी ते न उघडताच त्याच्याखाली केसपेपर दाबून ठेवले. पंख्याने कागद उडायचे, तेवढीच सोय झाली.

मग समोर डॉ. अभिरामने दवाखाना थाटला. काचेचं दार, एसी आणि दाराबाहेर चपलांचा हा ढीग. नृसिंहरावांचं एक बोट पेशंटच्या नाडीवर आणि दोन्ही डोळे त्या चपलांवर. खोटं कशाला बोला, जळत होते ते.

शेवटी त्यांनी आपल्या सर्वांत जुन्या पेशंटला, बायडाबाईंना, गाठलं.

"एकदा समोर दाखवून या. काय लिहून देतोय तेवढं बघू."

"मी? त्या पोराकडं?"

"माझ्यासाठी जा."

बायडाबाई गेल्या आणि चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीवर निळ्या खोक्यातल्याच गोळीचं नाव होतं. डॉक्टरांनी ते नाव दोनदा वाचलं. कालचं पोर पुढे गेलं आणि आपण कागद दाबत बसलो! त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना नवी गोळी सुरू केली. बायडाबाईंना सगळ्यांत आधी.

महिन्याभराने त्या सुजलेले पाय घेऊन आल्या.

"चप्पल बसंना झालीया, डॉक्टर."

"समोरचा तर सर्रास लिहितोय."

"तुमचं बघूनच की."

"माझं?"

"त्येनी इचारलं, तुमचं डॉक्टर काय देत्यात. तुमच्या टेबलावर हे खोकं बघितलंतं. म्हटलं, हीच देत्यात. जुनी गोळी सांगून तुमची मान खाली घालाय लावू व्हय?"

कितीतरी दिवसांनी नृसिंहरावांना गार वाटलं. पोर आपलं बघून लिहितंय तर.

"मग? काय म्हणाला?"

"म्हणालं, एवढं जुनं डॉक्टर देत्यात म्हंजे सगळं वाचूनच देत असतील."

नृसिंहरावांनी बायडाबाईंना जुनी पांढरी गोळी लिहून दिली आणि खोकं उचलून त्यातला माहितीचा घडीचा कागद उलगडला. केसपेपर खोलीभर उडाले. पाय सुजण्याचं दुसऱ्याच ओळीत होतं.

कागद घेऊन ते रस्ता ओलांडून गेले आणि समोरच्या त्या ढिगात त्यांनी आपल्याही चपला काढल्या.