भांडारपालांची घटती गरज

छपाई खात्याच्या भांडारपालांचं वजन वाढलं, ही बाब खात्याने अत्यंत गांभीर्याने घेतली. भांडाराचं छप्पर गळत होतं, हमालाची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. या बाबी मात्र विचाराधीन होत्या.

कँटीनशेजारी आरोग्य कक्ष उघडला आणि त्यात आहार अधिकारी बाई रुजू झाल्या. एकेकाला काट्यावर उभं करून त्यांनी वजनाप्रमाणे दुपारच्या जेवणाच्या कॅलरी मंजूर केल्या. भांडारपाल सरळमार्गी माणूस. मंजूर झालं तेवढंच ते जेवले, घरीही हात आखडता घेतला, आणि खरोखरच उतरले. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. ते ऐटीत कक्षात गेले.

"अभिनंदन!" बाई म्हणाल्या. "आता तुमचं जेवण कमी करू."

"ही शाबासकी म्हणायची का?"

"हे शास्त्र आहे. वजन उतरलं की शरीराची गरजही उतरते. उचलून न्यायचा देहच हलका झाला, मग इंधन कशाला जास्त?"

यात खोटं काहीच नव्हतं. भांडारपालांनाही ते पटलं. ताटातला एक पाव गेला. पुढे वजनाचा काटा अडला, तेव्हा बाईंनी भातही काढला.

"पण बाई, मी दिवसभर कागदाचे गठ्ठे वाहतो!"

"तुमचं पद बैठ्या कामाचं आहे."

"हमाल नाही म्हणून वाहतो ना!"

"तुमचे श्रम धरले, तर हमाल नाही हे मान्य करावं लागेल. तो विषय माझ्याकडे येत नाही."

शेजारच्या टेबलावर संचालकसाहेब भरल्या ताटावर आडवा हात मारत होते. त्यांनी तसूभरही वजन उतरवलं नव्हतं. साहजिकच त्यांची गरज शाबूत होती.

घरी बायकोने एकदा भांडारपालांचं मनगट हातात धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. "अहो, पुरे झालं आता. गालफडं बसली तुमची."

"बाई म्हणतात, आणखी थोडं."

"बाईंना म्हणावं, ह्यांच्यासमोर बसून स्वतःचा घास गिळून दाखवा."

ते हसले, पण तिने वाढलेल्या ताटाला त्यांनी हात लावला नाही. नियम मोडायची त्यांना सवयच नव्हती.

अखेर जिना चढताना भांडारपालांना घेरी आली. गठ्ठा छातीशी धरून ते पायरीवर बसले, थोडा दम घेतला, आणि गठ्ठा वर पोचवूनच घरी गेले. बातमी संचालकांच्या कानावर गेली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काम थांबलं का?"

"नाही साहेब."

संचालक गहिवरले. एक माणूस एवढ्याशा आहारावर गठ्ठे वाहू शकतो, तर बाकीचे खातात ते जातं कुठे? ताबडतोब प्रस्ताव आला: सर्व कर्मचाऱ्यांना यापुढे भांडारपालांइतकंच जेवण. संचालकांचं पद सल्लागार समितीच्या कक्षेत येत असल्याने त्यांना सूट.

कार्यालयात संतापाची लाट उसळली. ती भांडारपालांवर जाऊन आदळली.

"कशाला उतरवलंत हो वजन?" मुख्य कारकून ओरडले. "आम्हालाही खड्ड्यात घातलंत!"

"मी तर फक्त माझं उतरवलं..."

"तेच नडलं!"

कँटीनमध्ये त्यांच्या टेबलाशी कुणी बसेना. बाईंना आणि साहेबांना मात्र प्रत्येक जण अदबीने नमस्कार करी.

प्रस्ताव सभेपुढे आला. कुणाची हरकत आहे का, असं संचालकांनी रीतीप्रमाणे विचारलं. भांडारपाल खुर्चीची पाठ धरून उठले.

"साहेब, माझी आहे. मला भूक लागते."

मुख्य कारकून छताकडे पाहू लागले. बाईंनी मान खाली घातली आणि पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"हे झालं व्यक्तिगत मत," संचालक मायेने म्हणाले. "बाकीच्यांना मंजूर असेल तर हात वर करा."

सगळे हात वर गेले. मुख्य कारकुनांचा तर सर्वांत आधी.

हात वर करायला फारशी ताकद लागत नाही. माणूस कितीही खंगला, तरी तेवढी शिल्लक राहतेच. शंका असेल त्या वाचकाने आपल्या कचेरीतली मागची सभा आठवावी, आणि तेव्हा आपला हात कुठे होता ते पाहावं.