अर्ध्या लिटरचा फ्लास्क

प्रात्यक्षिक परीक्षेची घंटा झाली, मुलं आपापल्या ब्युरेटच्या मोजनळीपाशी उभी राहिली आणि नेमकं तेव्हाच रसायनशास्त्राच्या सरांनी बेसिनजवळ विसळून ठेवलेल्या फ्लास्कवरचा आकडा वाचला. पाचशे मिली.

एक लिटर द्रावणासाठी तोललेलं आम्ल त्यांनी सकाळच्या घाईत अर्ध्या लिटरमध्येच विरघळवलं होतं. म्हणजे द्रावण दुप्पट तीव्र. जिथे दहा मिली अल्कली पुरायची, तिथे आता वीस लागणार. "पदार्थ तेवढाच, द्रावण निम्मं, तर तीव्रता दुप्पट," असं वर्षभर मुलांच्या कानीकपाळी ओरडणारा हाच माणूस, बरं का. त्यात नोकरी तात्पुरती. "परीक्षा नीट पार पाडा, मग कायम करू," असं मुख्याध्यापकांनी कालच बजावलं होतं.

टेबलाशी बाहेरून आलेले परीक्षक बसले होते. हसणं त्यांना बहुधा डॉक्टरांनी बंद केलं असावं.

पहिला मुलगा आला. सरांनी डोळेच मिटून घेतले.

"किती आलं?" परीक्षकांनी विचारलं.

"दहा, सर."

दुसऱ्याचं दहा. तिसरीचंही दहा. सर चक्रावले. मग डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वर्षीच्या मुलांनी उत्तर आधीच सांगून ठेवलं होतं, ब्युरेटकडे बघतंय कोण! त्या लबाडांना मिठी मारावी असं सरांना वाटलं.

शेवटी आली शंकाबाई. शंका विचारून विचारून वर्गात हेच नाव पडलेली मुलगी. डोळे रडून लाल झालेले.

"तीनदा केलं, सर. तिन्ही वेळा वीसच येतंय."

"सगळ्यांचं दहा आणि तुझंच वीस?" परीक्षकांनी लाल पेन उचललं.

मुलीने सरांकडे पाहिलं. नोकरी वाचवायला आता काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

"तिचं बरोबर आहे," सर म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. "द्रावण दुप्पट तीव्र झालंय. चूक माझी आहे."

परीक्षकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली.

"हळू बोला. परीक्षेआधी मीही करून पाहिलं होतं. वीसच आलं."

"मग तुम्ही लिहिलंत किती?"

"दहा." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "उत्तराच्या कागदावर दहा छापलंय. म्हटलं, निवृत्तीला आलो, हात चळला असेल. मुख्याध्यापकांच्या कानावर जायला नको हं."

त्यांनी स्वतःचं दहा खोडलं आणि शंकाबाईला पैकीच्या पैकी गुण दिले. तिने डोळे पुसले.

"सर, एक शंका विचारू?"

"नको," दोघंही एकदमच म्हणाले.