घरी बांधलेला रेडिओ आणि एक हंडा पाणी

रेडिओ विकत आणायचा नाही, घरीच बांधायचा, हा निर्णय मी एका रविवारी दाढी करता करता घेतला. शेजारचे काकासाहेब नवाकोरा ट्रान्झिस्टर खांद्याला अडकवून टँकरच्या रांगेत मिरवत होते. (दाढी करताना माणसानं निर्णय घेऊ नये. हातात वस्तरा असतो, त्यामुळे आपण फार शूर आहोत असं वाटतं.)

"दुकानातून कुणीही आणेल," मी बायकोला, विजयमालाला, ठणकावून सांगितलं. "बांधायला डोकं लागतं!"

"मंग कोन बांधनार?" तिनं विचारलं.

मी कर्जतच्या सरकारी कचेरीतला आवक-जावक कारकून. तोवर आयुष्यात मी काही जोडलं असेल, तर अर्जाला टाचणी. पण एका मासिकात रेडिओचा नकाशा आला होता, तो मी कापून ठेवला होता. तो घेऊन नगरचा जुना बाजार गाठला. तिथे रंगनाथ नावाचा भंगारवाला सुट्या भागांच्या ढिगात मांडी घालून बसला होता.

"हा कंडेन्सर चांगला आहे का?"

"घरी न्या, लावा. कळंल."

"आणि हा ट्रान्झिस्टर?"

"त्यो बी तसाच कळंल."

अशा खात्रीचा माल पिशवीभर घेतला. स्पीकर एका मोडलेल्या तमाशाच्या फडातला होता. त्याचा कागद फाटला होता, तो विजयमालानं गव्हाच्या खळीनं चिकटवला. पेटी म्हणून चहाचं खोकं घेतलं. मग मी खर्ड्याला सासऱ्यांना कार्ड टाकलं : "आमच्याकडे रेडिओ तयार होत आहे." (तोवर पिशवीसुद्धा सोडली नव्हती.)

उलट टपाली उत्तर आलं. आकाशवाणीनं शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी पुण्याला नेऊन त्यांचं भाषण भरून घेतलं होतं. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला ते लागणार होतं आणि ऐकायला ते लेकीच्याच घरी येणार होते.

विजयमाला कार्ड हातात घेऊन घरभर फिरली. तिचा बाप, ज्याचं बोलणं कधी भावकीनं ऐकून घेतलं नव्हतं, तो रेडिओवर बोलणार होता! संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "अहो, त्यापरीस काकासाहेबांच्यात जाऊन ऐकू की."

"माझ्या सासऱ्यांचा आवाज दुसऱ्याच्या रेडिओतून? मुळीच नाही!"

छपरावर एरियल ताणली. अर्थिंगसाठी नांगराचा जुना फाळ तारेला बांधून तुळशीशेजारी पुरला. मंगळवारी रेडिओ बांधून झाला आणि गप्प बसला. मी कान पिळले, खोकं थोपटलं, शेवटी दोन शिव्याही दिल्या. तेवढ्यात विजयमालानं तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घातलं आणि खोक्यातून खणखणीत आवाज आला, "आता बाजारभाव..."

दोन मिनिटांनी पुन्हा शांतता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला : अर्थिंगला ओल हवी. आणि त्या वर्षी जमिनीत ओल कुठली? दुष्काळानं विहिरींचे तळ दिसत होते. तांब्याभर पाणी घातलं की माझा रेडिओ दोन मिनिटं बोलायचा, मग त्याच्या घशाला कोरड पडायची.

"कुठली कंपनी असं करून दाखवेल?" मी म्हणालो.

बुधवारी दिवसभर आंघोळीचं, भांड्यांचं, डाळ धुतलेलं पाणी मी बादलीत साठवलं. सहा वाजले तरी सासऱ्यांची एसटी आली नव्हती. गल्ली मात्र सगळी जमली. फुशारकीनं मी सहालाच रेडिओ लावला आणि निम्म्याहून जास्त बादली भजनांवर संपवली. उरलेली बातम्यांनी प्यायली.

साडेसहाला निवेदक म्हणाला, "आता खर्ड्याचे शेतकरी श्री. भिमाजी..." आणि आवाज गेला.

विजयमाला आत पळाली आणि पिण्याचा हंडाच घेऊन आली. टँकर परवा येणार होता.

"अगं, ते पिण्याचं आहे!"

"आबा बोलत्यात!" ती म्हणाली आणि तिनं हंडा कलता केला.

खोक्यातून सासरे बोलू लागले. "पान्याचा थेंब सांडू नका, मंडळी. माझी इजू ल्हान हुती, तवा तांब्यातलं उरल्यालं पानी रोपाला घालायची. वाया जाऊ द्यायची न्हाई. तिच्याकडनं म्या शिकलो."

विजयमालाच्या डोळ्यांना धार लागली होती आणि हंड्यालाही. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? शेवटचा थेंब पडला आणि रेडिओ थांबला.

मागून आवाज आला, "इजू, वाईच पानी आन गं प्यायला."

दारात धुळीनं माखलेले सासरे उभे होते. एसटी बंद पडल्यामुळे शेवटचे दोन कोस चालत आले होते. विजयमाला त्यांच्याकडे बघत रिकामा हंडा धरून उभी राहिली. शेवटी काकासाहेबांनी घरून तांब्या आणला. त्यांच्या खांद्यावरून सासऱ्यांचं भाषण अजून स्वच्छ ऐकू येत होतं.

मी काही हार मानणारा नव्हे. "मामा," मी म्हणालो, "बिघाड काही नाही, फक्त पाणी कमी पडलं. आणि ही तुळस बघा! अख्ख्या कर्जतमध्ये एवढी हिरवी सापडणार नाही."

सासरे पाणी प्यायले. मग तारेचा माग काढत फाळापर्यंत गेले, उकिडवे बसले आणि ओली माती चिमटीत घेऊन बघितली.

"दोन मिन्टाला तांब्याभर?"

"हो."

त्यांनी मनाशी कसलासा हिशेब केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, यापरीस ऊस परवडला."