कुंडीतल्या मातीवरचा बंगला

एका जंगलात, बाळांनो, बंगले बांधायची साथ आली होती. गुहा कुणालाच आवडेना. कोल्ह्याने बंगला बांधला, सायाळीने बांधला. कासवाच्या तर पाठीवरच घर. पण त्यानेही गच्ची कितीला पडेल, याची चौकशी केली.

मग केसोपंत अस्वल मागे कसे राहतील? त्यातून त्यांची लेक जांभळी लग्नाची झाली होती. "गुहेत कोण येणार मुलगी बघायला?" असं उमाबाई अस्वलीण रोज विचारायच्या आणि केसोपंत रोज मान डोलवायचे.

त्यांची जागा होती ओढ्याकाठी. तिथली माती काळी, चिकट. पावसात फुगायची, उन्हात भेगाळायची. जांभळीचा लहानपणीचा चेंडू तिथल्या एका भेगेत पडला, तो अजून सापडलेला नाही.

जंगलाचा नियम असा, की बांधण्याआधी माती तपासून घ्यायची. तपासायचे खवलेसाहेब, म्हणजे टेकडीवरचं खवले मांजर. ते फार मोठे साहेब होते, त्यामुळे जागेवर कधी येत नसत. माती त्यांच्याकडे न्यावी लागे.

केसोपंत खोरं घेऊन निघाले, तशा उमाबाई कडाडल्या.

"अहो, ही असली माती नेणार?"

"अगं, बंगला हिच्यावरच बांधायचाय ना!"

"म्हणून काय झालं? परक्या घरी जायचीय ती. साहेब म्हणतील, अस्वलांकडे हे असलंच असतं वाटतं!"

उमाबाईंनी तुळशीच्या कुंडीतली माती काढली. शेणखत घातलेली, भुसभुशीत. खडे वेचले, पिठाच्या चाळणीने चाळली, जरीच्या पिशवीत भरली आणि वर थोडं गुलाबपाणी शिंपडलं. हसू नका. तुमच्याकडे पाहुणे आले की फाटकी चादर कुठे जाते, ते आठवा.

खवलेसाहेबांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटले. "वा! पाया हातभर पुरे. संडासाच्या पाण्याला शोषखड्डा करा, झरझर जिरेल. आणि गुलाब असे येतील म्हणता, बघत राहाल!"

बंगला झाला. श्रावणात जांभळीला बघायला पलीकडच्या डोंगरावरची अस्वलं आली. मुलगा रेवण, त्याची आई आणि वडील भाऊसाहेब. रेवणचा फोटो आधीच आला होता. काय ते काळेभोर, दाट केस! जांभळीने तो मधाच्या पोळ्यामागे लपवून ठेवला होता. प्रत्यक्षात मात्र रेवण कानापासून पायापर्यंत घोंगडी गुंडाळून बसला. "थंडी बाधते त्याला," आई म्हणाली.

तोवर काळी माती पाणी पिऊन टम्म फुगली होती. बंगल्याची एक बाजू वर उचलली गेली होती. पोह्यांच्या बश्या आपोआप पाहुण्यांकडे घसरत होत्या. "आग्रह फार आहे हो या घरात," मुलाची आई कौतुकाने म्हणाली. बागेतले गुलाब केव्हाच कुजले होते. उमाबाईंनी काड्यांना कागदी फुलं बांधली होती.

पोहे झाले आणि भाऊसाहेब संडासला गेले.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अहो, दार उघडत नाहीये!"

चौकट वाकडी होऊन दार अडकलं होतं. त्यात शोषखड्डा काठोकाठ भरलेला. चिकट माती पाणी जिरवून घेईना. ते गुडगुड करत बागेत वर आलं आणि कागदी गुलाब तरंगत निघाले.

"पाणी इकडेही चढतंय!" भाऊसाहेब ओरडले.

रेवणने घोंगडी फेकली, दाराला पंजे घातले आणि चौकटीसकट दार उपटलं. भाऊसाहेब ज्या अवस्थेत बाहेर आले, ती मी सांगणार नाही. तुमचं जेवण व्हायचंय.

"ही फसवणूक आहे!" भाऊसाहेब गरजले. "माती तपासली होती ना?"

उमाबाईंना रडू कोसळलं. "ती तुळशीच्या कुंडीतली होती हो! आता माझ्या पोरीचं कसं व्हायचं?"

जांभळी मात्र रेवणकडे बघत होती. घोंगडी गेल्यावर दिसलं, त्याच्या अंगावर निम्म्या जागी केसच नव्हते. तिने फोटो आणून समोर धरला. "आणि हा कोण?"

रेवणची आई जमिनीकडे बघत म्हणाली, "माझा भाचा. रेवणला खरूज झाली होती गं. फोटो परक्या घरी जायचा, म्हणून..."

उमाबाईंचं रडू एकदम थांबलं. "अगं बाई! तुम्ही अगदी माझ्यासारख्याच की हो!" दोघींनी एकमेकींना मिठीच मारली.

"तुमचं काय म्हणणं आहे?" जांभळीने रेवणला विचारलं.

"केस परत येतील की नाही, सांगता येत नाही," रेवण म्हणाला. "पण दारं उपटता येतात."

"या घरात तेच लागतं," जांभळी म्हणाली आणि लाजली. लग्न ठरलं. ते लागलं जुन्या गुहेतच, कारण तोवर बंगला ओढ्याकडे बघायला वाकला होता.

ही गोष्ट जंगलभर झाली आणि सगळे शहाणे झाले. आता ज्याला बांधायचं असेल तो आधी उमाबाईंकडे वाटी घेऊन येतो आणि कुंडीतली माती मागून नेतो. खवलेसाहेबांनी तर जाहीरच केलं, की या जंगलातली जमीन सगळीकडे उत्तम आहे. कुंडीत तुळस तेवढी उघड्या मुळांवर उभी आहे.

तात्पर्य : नमुना कसलाही पाठवा, पण सोयरीक अशा घरी जुळवा, ज्यांनी तितकाच खोटा पाठवला असेल. आणि कुणाचा नवा बंगला बघायला जाल, तेव्हा सगळं घरूनच उरकून जा.