नसलेले टाळ

गेल्या महिन्यात मी एका भजनात नसलेले टाळ ऐकले. नुसते ऐकले नाहीत, त्यांची तारीफही केली.

भजन वाजत होतं आमचे शेजारी नामदेवराव यांच्याकडे. जाफराबादेत आल्या माणसाला आधी पाणी विचारतात, नामदेवराव विचारतात, "कान साफ हायेत ना?" पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हातातली वायरी डागायची सोल्डर गन थंड झालेली नाही. "पिन ढिली तर सूर ढिला," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान.

त्या दिवशी त्यांनी सीडी प्लेयर आणि अ‍ॅम्प्लिफायरमधल्या डिजिटल वायरीच्या जुन्या, नुसत्या दाबून बसवायच्या पिना काढून फिरवून लॉक होणाऱ्या बीएनसी पिना बसवल्या होत्या. सॉकेटंही नवी. "घालायची, फिरवायची, कट्. आता बिलकुल हलत न्हाई." मग नेहमीची सीडी लावली. कुणा बाईचं भजन. ते त्याला 'टेस्टिंगचं भजन' म्हणतात.

"बोला, फरक काय?"

फरक नाही म्हटलं की ते सगळं पुन्हा उघडतात आणि आपल्याला पुन्हा ऐकायला बसवतात. मला जेवायला जायचं होतं. मी डोळे मिटून म्हणालो, "वा. मागचे टाळ काय सुटे झालेत."

"टाळ?" त्यांनी स्पीकरला कान लावला. "मला तर न्हाई येऊन राह्यले ऐकू."

इथे तरी थांबायचं. मी म्हणालो, "डावीकडे. बारीक आहेत, पण बराबर आहेत."

त्यानंतर त्यांच्या घरातून आवाजच येईना. शेवटी कंपाउंडच्या बुटक्या भिंतीपलीकडे उभ्या वहिनींना, म्हणजे नामदेवरावांच्या बायकोला, विचारलं. गळ्याच्या ऑपरेशननंतर वहिनी हळू, घोगरं बोलतात.

"हे जालन्याला कानाच्या डॉक्टरकडं गेल्ते. डॉक्टर म्हणले, कान चांगले हायेत. ह्यांना पटंना. भाऊजीला टाळ ऐकू येतेत, मला न्हाई, मंग माझेच कान गेले म्हणून राह्यले. आज टाळ गेले, उद्या तुझा आवाज जाईल म्हणले."

"तुमचा आवाज?"

"माझंच भजन हाये ते. ऑपरेशनच्या आधी पिंपळगाव रेणुकाईला म्हणलेलं. एकटीच बसले होते मी. टाळ कुठले त्यात?"

आमच्यामधली भिंत आणखी हातभर उंच असती तर बरं झालं असतं.

मी त्यांच्या घरात गेलो. नामदेवराव अ‍ॅम्प्लिफायर खोक्यात भरत होते.

"टाळ नव्हते," मी म्हणालो. "भूक लागली होती, म्हणून बोललो."

 त्यांनी मशीन बाहेर काढली, वायर लावली, पिन फिरवली. वहिनींचा जुना, मोकळा आवाज खोलीत आला. वहिनी दारात थबकल्या. नामदेवरावांनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

मीही सवयीने डोळे मिटून मान डोलवायला लागलो.

"तुम्ही ऱ्हाऊ द्या," नामदेवराव म्हणाले. "चहा घ्या अन् घरी जा. ऐकणं तुमचं काम न्हाई."